दोष माझ्या टोकाला

आमच्या डोंबिवलीच्या घरी मागच्या अंगणात, तुळशीच्या जवळच, एक खड्डा होता आणि त्यात रोज सकाळी तांब्याभर मिठाचं पाणी ओतायचं काम माझ्याकडे होतं. खड्ड्यात तांब्याचा पत्रा पुरलेला, त्यावर कोळसा आणि खडेमीठ, आणि त्या पत्र्यापासून निघालेली तार खिडकीतून माझ्या नवऱ्याच्या टेबलापर्यंत गेलेली. ह्याला अर्थिंग म्हणतात, हे मला लग्न होऊन घरात आल्या आल्या शिकवण्यात आलं. माती कोरडी पडली की रेडिओचा सेट कुरकुरतो म्हणे. सासूबाईंना सेटचं काही सोयरसुतक नव्हतं, त्यांना काळजी तुळशीची. "तिला गोडं, त्याला खारं. तांबे अदलाबदल केलेस तर माझ्याशी गाठ आहे," असं त्या रोज बजावायच्या. बाकीच्या घरांत नव्या सुनेला कुलाचार शिकवतात, मला हा शिकवला.

हे मुंबईला एका कचेरीत कारकून होते. पण ती झाली पोटाची सोय. सगळा जीव त्या टेबलावर. लढाई संपल्यावर कल्याणच्या कॅम्पातलं लष्करी सामान भंगारात निघालं होतं. ह्यांनी आणि ह्यांच्या एका मित्राने तिथून एकेक तुकडा उचलून आणला, महिनोन् महिने तारांना कथलाचे डाग देत बसले आणि दोन सेट उभे केले. रीतसर परीक्षा देऊन दोघांनी सरकारी परवानाही काढला, घरबसल्या बिनतारी संदेश पाठवायचा. त्यात गाणी नाहीत, बातम्या नाहीत, तोंडाने बोलणंसुद्धा नाही. तार ऑफिसात असते तशी एक चावी, ती बोटांनी दाबायची, आणि समोरच्याने हेडफोनमध्ये आपली टिंबं नि रेघा ऐकायच्या. शेजारच्या बायका सुरुवातीला मोठ्या हौसेने गाणी ऐकायला आल्या. हेडफोन कानाला लावून एकजण म्हणाली, "अगंबाई, ही तर पाल चुकचुकतेय." पुन्हा कोणी आलं नाही.

तो मित्र ठाण्याला नौपाड्यात, आपल्या आईबरोबर राहायचा. मी त्यांना भावोजी म्हणायची. रोज दिवेलागणीला इकडून हे, तिकडून ते. आता डोंबिवली ते ठाणे अंतर ते काय! तोंडातलं पान संपेपर्यंत गाडी ठाण्याला लागते. एवढ्याशा अंतरासाठी आमच्या माडावर तार टांगलेली, त्यांच्या गच्चीवर बांबू उभा केलेला, आणि बोलणार काय, तर आज गाडी उशिरा आली, मासुंदा तळ्यावर हवा छान होती, आईचे गुडघे दुखतात. इंग्रजी अक्षरं, पण भाषा आपली मराठीच. रविवारी भावोजी आमच्याकडे जेवायला यायचे तेव्हा मात्र दोघं मुकाट. पोळी वाढू का, वाढा, बस्. आणि नौपाड्याला घरी पोचल्याबरोबर तिकडून सुरू, की वांग्याची भाजी फक्कड झाली होती, वहिनींना सांग. मी म्हणायची, "अहो, पाटावर बसले होते तेव्हा काय तोंडाला कुलूप होतं त्यांच्या?" हे नुसते हसायचे. समोरासमोर बोलायची त्या दोघांना सवयच राहिली नव्हती.

हे सांगायचे, चावीवर प्रत्येकाचा हात वेगळा असतो. आवाजावरून माणूस ओळखावा तसा हातावरून ओळखू येतो. भावोजींचा हात तुटक आणि घाईचा, गाडी सुटायला आल्यासारखा. ह्यांचा हात शब्दाच्या शेवटी जरा रेंगाळायचा, बोलताना काही माणसं शेवटी हेल काढतात तसा. "शंभरजण एकदम वाजवायला बसले तरी मी ह्याचा हात उचलून दाखवीन," असं भावोजी म्हणायचे. मला तेव्हा ह्यातलं काही कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचीही गरज वाटली नव्हती.

एक नियम मात्र पहिल्या दिवसापासून माहीत होता. चावीला हात लावायचा नाही. टेबल पुसायचं, व्हॉल्व्हच्या काचांवरची धूळ झटकायची, हेडफोन हवा तर कानाला लावायचा, पण चावी नाही. "परवाना माझ्या नावावर आहे. दुसऱ्या कोणी एक टिंब जरी पाठवलं तरी तो गुन्हा." बाकी सगळ्या बाबतीत ह्यांच्याशी वाद घालता यायचा, इथे नाही. एकदा माझ्या भावाने गंमत म्हणून चावीकडे बोट नेलं, तर हे असे खेकसले की बिचारा चहा न पिता गेला. भावोजींनाही हे पक्कं ठाऊक होतं, त्यांच्या घरीही तोच कायदा.

सेट बिघडला की दोष कसा शोधायचा, ह्याचंही ह्यांचं एक शास्त्र होतं. बाहेरून आत यायचं. आधी एरियल, म्हणजे माडावरची तार, मग तिचे जोड, मग अर्थिंग, मग व्हॉल्व्ह एकेक काढून बघायचा, आणि सगळं करून थकलात की मगच सेट उघडायचा. आणि सगळ्यांच्या आधी एक गोष्ट: समोरच्याचा आवाज खराब येत असेल तर त्याला बोल लावण्याआधी आपलं टोक तपासायचं. नवशिके लोक ह्यांना विचारायला घरी यायचे, त्यांना हे तेच सांगायचे. दहातल्या नऊ वेळा दोष आपल्याच टोकाला असतो, फक्त आपल्याला तो दुसऱ्याचा वाटतो.

मग ह्यांना खोकला लागला.

तेव्हा त्या आजाराचं नाव घरात घेत नसत. सासूबाई "छातीचं" म्हणायच्या, मी काहीच म्हणायची नाही. पूर्वी ह्या दुखण्याला हवापालट आणि देवाचं नाव, एवढाच इलाज होता. पण कल्याणच्या डॉक्टरांनी सांगितलं, नवीन इंजेक्शनं निघाली आहेत, माणसं उठून कामाला लागलेली मी डोळ्यांनी बघितली आहेत. रोज कंपाउंडर यायचा, मी स्टोव्हवर सुई उकळून ठेवायची. खरंच ताप उतरला. भूक लागायला लागली. सदऱ्याची वरची गुंडी पुन्हा जरा घट्ट बसायला लागली तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. उठताना गरगरायचं, भिंत धरून चालायला लागायचं, पण अशक्तपणा आहे, जाईल हळूहळू, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो.

रजेवर असल्यामुळे हे आता दिवेलागणीची वाट दुपारपासूनच बघायचे. आणि त्याच दिवसांत भावोजींशी कुरबुर सुरू झाली. "तुझा आवाज बारीक येतोय. एरियल बघ," असं ह्यांनी कळवलं. भावोजींनी गच्चीवर चढून तार खाली घेतली, सगळे जोड घासूनपुसून नव्याने डाग दिले. ह्यांचं उत्तर, अजून बारीक. त्यांनी बांबू काढून त्याहून उंच बांबू लावला. अजून बारीक. मग अर्थिंगचा खड्डा उकरून नवा कोळसा भरला, मुलुंडच्या आगरातून येणाऱ्या बाईकडून टोपलीभर मीठ घेऊन तेही ओतलं. रविवारी आले तेव्हा हाताला फोड आलेले. जेवताना कधी नव्हे ते बोलले. "अरे, व्हॉल्व्हपण बदललाय मी. आता काय सेट डोक्यावर घेऊन नाचू?" हे चिडून म्हणाले, "नाच नाहीतर काही कर, पण ऐकू येत नाही म्हणजे नाही."

ह्यांनी आपलं टोक तपासलं नव्हतं असं नाही. सगळं नियमाप्रमाणे तपासलं होतं. भिंत धरत धरत माडापर्यंत गेले, तार बघितली. जोड बघितले. मला विचारलं, "मिठाचं पाणी घालतेस ना?" व्हॉल्व्ह काढले, पुसले, परत बसवले. त्यांच्या शास्त्रात जेवढं होतं तेवढं सगळं झालं. त्या शास्त्रात कान नव्हता.

मला कळलं ते स्वयंपाकघरात. मी भाजी चिरत होते आणि मला टिकटिक ऐकू यायला लागली. आधी वाटलं नळ गळतोय. मग लक्षात आलं, हे तर भावोजी वाजवतायत. पूर्वी हेडफोन ह्यांच्या कानाला असला की शेजारी बसलेल्यालासुद्धा काही कळायचं नाही. आणि आता आवाज दोन दारं ओलांडून विळीपर्यंत येत होता. मी तशीच उठून गेले. हे पुढे वाकून, डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून ऐकत होते आणि आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलेलं होतं. सूरही बदललेला. ह्यांना शिट्टीसारखा बारीक सूर आवडायचा, आणि आता त्यांनी तो खाली खाली उतरवत पार घोगरा करून ठेवला होता. मी हेडफोन त्यांच्या डोक्यावरून काढला आणि माझ्या कानाला लावला. कानठळ्या बसल्या. मी तो झटकन खाली ठेवला.

हे माझ्याकडे बघत राहिले. "येतोय?" त्यांनी विचारलं.

"मला तिकडे विळीवर येत होता," मी म्हणाले.

त्यांनी हेडफोन पुन्हा कानाला लावला. तिकडे भावोजी विचारतच होते म्हणे, आता बरा येतो का, आता? मग ह्यांनी चावी ओढून घेतली आणि काहीतरी थोडकंच पाठवलं. काय पाठवलं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. "दोष सापडला. माझ्या टोकाला." भावोजींनी मोठ्या खुशीत विचारलं, कुठला भाग गेला? ह्यांनी एका शब्दात सांगितलं, कान. पुढच्या गाडीने भावोजी स्वतःच आले, ह्यांच्या कॉटशेजारी खुर्ची ओढून बसले आणि नेहमीसारखे दोघं गप्प. जाताना अंगणात मला म्हणाले, "वहिनी, तो बांबू असू दे उंच. मी नाही काढणार."

डॉक्टरांनी सांगितलं, इंजेक्शनाने काहीजणांचं असं होतं. गेलेलं परत येणार नाही. थांबवलं तर आहे तेवढं कदाचित राहील, पण मग छातीचं मी सांगू शकत नाही. हे घरी आल्यावर म्हणाले, थांबवू या. कानाशिवाय मी काय करू? मी भांडले. लग्न झाल्यापासून कधी भांडले नव्हते इतकी भांडले, तेही ओरडून, कारण त्याशिवाय त्यांना ऐकू गेलं नसतं. "मला तुमचे कान नकोत, तुम्ही हवेत!" सगळ्या आळीने ऐकलं असणार. आज कोणी विचारलं तरी मी तेच भांडण पुन्हा भांडेन. इंजेक्शनं चालू राहिली. कान हळूहळू पूर्ण गेले.

बहिरा झाल्यावर माणूस घरात असून नसल्यासारखा होतो. सासूबाई खुणा करायच्या आणि खुणा करता करता रडायच्या. हे टेबलाकडे पाठ करून बसायचे. पण भावोजी तिकडून रोज दिवेलागणीला पाठवायचे थांबले नव्हते. ह्यांना पाठवता येत होतंच, ऐकता येत नव्हतं. मग एक दिवस ह्यांनी माझा हात ओढून घेतला, तळवा वर केला आणि बोटाने टकटक करायला लागले. एक टिंब, एक रेघ. ए. मी म्हटलं, हे माझ्याच्याने व्हायचं नाही. त्यांना ते ऐकू गेलं नाही, किंवा त्यांनी जाऊ दिलं नाही.

माझ्या इंग्रजी चार यत्ता झाल्या होत्या, तेवढी अक्षरं पुरली. ते माझ्या तळव्यावर वाजवायचे, मी त्यांच्या. दुपारी भांडी झाली की आमची शाळा. मी चुकले की ते माझं बोट धरून तेच अक्षर पुन्हा वाजवून घ्यायचे, शेवटी जरा रेंगाळत, त्यांच्या हेलात. इतकी वर्षं नवऱ्याचा हात दिवसाउजेडी हातात घ्यायची आपल्याकडे सोय नव्हती, ती अशी झाली. सासूबाई मान फिरवून माळ ओढत बसायच्या.

मग दिवेलागणीला मी हेडफोन लावायची आणि माझा उजवा हात ह्यांच्या तळव्यावर. भावोजी तिकडून पाठवायचे, मी तेच त्यांच्या हातावर उतरवायची, आणि हे दुसऱ्या हाताने चावीवर उत्तर द्यायचे. भावोजींना सावकाश पाठवा असं कोणी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी आपला घाईचा हात माझ्यासाठी मोडला. एकेक अक्षर सुटं, मध्ये श्वास घेण्याइतकी जागा सोडून. लहान मुलाला घास भरवावा तसं. सांगायला बरंच असायचं, पण त्या चालीने थोडंच पोचायचं. "आज मटार आले बाजारात" एवढं यायला केवढा वेळ लागायचा, आणि हे ते तळव्यावर घेता घेता हसायला लागायचे. मटाराला कोणी इतकं हसलेलं मी पाहिलं नाही.

आम्हाला वाटलं, असंच चालेल. बहिरे तर बहिरे, पण आहेत ना. मार्गशीर्ष लागला आणि ताप परत आला. डॉक्टरांनी औषध बदललं, पुन्हा बदललं. कानांच्या बदल्यात जे मिळायचं होतं ते मिळालंच नाही. मला अजूनही त्याचा राग येतो, आणि कोणावर राग काढावा ते कळत नाही. पुढे पुढे त्यांना चावीपर्यंत हात नेववत नव्हता. मग फक्त ऐकायचे, म्हणजे माझ्या बोटाने. भावोजी सुरुवातीलाच पाठवायचे, "उत्तर नको. पडून राहा." आणि मग इकडचं तिकडचं, कुठे नवा व्हॉल्व्ह बघितला, कुठे चांगली तार मिळते, तू बरा झालास की कल्याणला जाऊ.

हे पहाटे गेले. आमच्या दिरांनी भराभर सगळीकडे माणसं पाठवली, कल्याणला आत्याकडे, माहीमला मामांकडे, माझ्या माहेरी. नात्यातलं कोणी राहिलं नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलंही. संध्याकाळ झाली, टेबलाशेजारची ह्यांची कॉट काढून त्या जागी दिवा ठेवला होता, बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या, आणि मला एकदम लक्षात आलं की ठाण्याला कोणी गेलंच नाही. भावोजी नात्यातले नव्हते. कोणाच्या डोक्यातच आलं नसणार, माझ्यासुद्धा.

दिवेलागण झाली होती. मी उठले. कोणीतरी माझा पदर धरला, सासूबाई म्हणाल्या, "जाऊ दे तिला." मी टेबलाशी बसले. हे बटणं कुठल्या क्रमाने लावायचे ते मी रोज बघितलं होतं, त्याच क्रमाने लावली, व्हॉल्व्ह तांबडे होईपर्यंत थांबले आणि हेडफोन लावला. भावोजी होतेच. "उत्तर नको," चाललं होतं. "वहिनी, त्याला सांगा, गच्चीवरचा बांबू आज वाऱ्याने वाकला होता, सरळ केला." माझा हात आपोआप शेजारी गेला, तळवा शोधायला. तिथे टेबलाचं लाकूड होतं. मी लाकडावरच सगळं वाजवलं, वाऱ्याने वाकला होता, सरळ केला.

ते थांबले. मी चावी ओढून घेतली. परवान्याचा गुन्हा लागायचा तर लागू दे, असं मनात म्हटल्याचं आठवतं. आधी परवान्यावरची आपली खूण पाठवायची, मग बोलायचं, एवढं मला माहीत होतं. मी ह्यांची खूण पाठवली, कारण त्या घराला दुसरी खूण नव्हती. पुढचा शब्द बोटांत आला नाही.

तिकडून एकदम धो धो यायला लागलं. त्यांचा मूळचा, घाईचा, तुटक हात, मला जेमतेम पकडता येईल असा. "अरे! बसलास उठून! हात एकदम पहिल्यासारखा! शेवटचं अक्षर ओढलंस तेव्हाच ओळखलं. आता बोल, बोल." ते माझा हात ओळखत नव्हते. त्यांनी माझा हात कधी ऐकलाच नव्हता. मी जे शिकले ते ह्यांच्या बोटाखाली शिकले, त्याला ते तरी काय करणार?

मी पाठवलं, "भावोजी, मी आहे."

हेडफोनमध्ये नुसती खरखर राहिली. हे असताना मी चावीला हात लावणार नाही, हे त्यांना माहीत होतं. मागे कोणीतरी दिव्यात तेल घातलं. मग ते पुन्हा आले, माझ्यासाठी ठेवलेल्या त्या सावकाश चालीने, एकेक अक्षर सुटं करून. "कधी?"

मी "पहाटे" असं पाठवलं. शेवटचं अक्षर तसंच ओढलं गेलं, मला दुसऱ्या तऱ्हेने येतच नव्हतं.